जावईबापूंना खाली आणताना

हॅलोला राग आला होता आणि तो आजचा नव्हता.

अग्निशमन दलात तिला सगळे हॅलोच म्हणत, कारण नोकरीला लागल्यापासून ती कंट्रोल रूममध्ये फोनवर होती. कुणाचं घर पेटलं, कुणाचं मांजर पाइपात अडकलं, कुणी स्वतःलाच गॅलरीत कोंडून घेतलं, कुणाला दलाची अँब्युलन्स हवी झाली, की फोन तिच्याकडे. ती म्हणायची, "घाबरू नका, आहात तिथेच थांबा, गाडी निघाली आहे." गाडी निघायची. हॅलो आहे तिथेच थांबायची. खुर्ची गोल फिरायची, तेवढीच काय ती फिरती नोकरी.

तिला बंबावर जायचं होतं. दर वेळी अर्ज केला की साहेब म्हणत, "तुझा आवाज काय गोड आहे गं. लोकांना धीर येतो. तू फोनवरच बरी." यंदा वयाच्या अटीप्रमाणे तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षापासून नियमाप्रमाणे ती बंबावर चढायला म्हातारी आणि खुर्चीत बसायला तरुण ठरणार होती. म्हणून या वेळी तिनं साहेबांना न विचारता थेट चाचणीला नाव दिलं. चाचणीला दोन संधी मिळत. दोन्ही गेल्या की निवृत्तीपर्यंत गोड आवाज.

चाचणी अशी: सरावाच्या मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर एक वाळू भरलेला पुतळा ठेवलेला असतो, भरल्या अंगाच्या माणसाच्या वजनाचा. तो खांद्यावर घ्यायचा आणि कुठेही न टेकवता जिन्यानं खाली आणायचा. या पुतळ्याला दलात 'जावईबापू' म्हणत. कारण उघड होतं. वजन भरपूर, स्वतःहून बोटसुद्धा हलवायचं नाही आणि उचलणाऱ्यानं मात्र कुठे धक्का लागू द्यायचा नाही. त्यांना अहो-जाहो करायचा दलाचा रिवाज होता. नवीन भरतीपैकी कुणी चुकून 'ए' म्हणालं, तर त्या दिवशीचे सगळे ओले पाइप त्यानं एकट्यानं गुंडाळायचे. जावईबापू एका खोलीत कुलपात राहत. त्या खोलीची किल्ली फोनवाल्यांना मिळत नसे. फोनवाल्यांना जावई हवेत कशाला.

तर सराव घरी करायचा, असं हॅलोनं ठरवलं.

घर चौथ्या मजल्यावर होतं आणि बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. घरात नवरा आणि सासू. नवरा कवळ्या बनवायचा. जेवणाच्या टेबलावर नेहमी चार-पाच अनोळखी माणसं हसत असायची. तो स्वतः तब्येतीनं काडी होता, पण विचारांनी पैलवान. रोज सकाळी मोबाइलवर कुणातरी दाढीवाल्याचं भाषण ऐकायचा आणि त्यातलं ताजं वाक्य बायकोला वाढायचा.

"सगळं डोक्यात असतं," तो म्हणाला.

"मग पुतळाही डोक्यानंच उचलते."

"तसं नाही. एकदा मनानं ठरवलं ना, की शरीर आपोआप मागं येतं."

"ते मागंच येतं, तोच तर प्रॉब्लेम आहे."

सासूबाई खिडकीपाशी बसून हे ऐकत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. सासरे गेल्यापासून त्या सुनेशी थेट बोलतही नसत. बोलायचं असलं की हवेत बघून मुलाला सांगत. आताही त्यांनी हवेत बघितलं. "तुझ्या बायकोला सांग, बायकांनी माणसं उचलायची नसतात, माणसं ओळखायची असतात."

मुलानं ते दोन फुटांवरच्या बायकोला सांगितलं. हॅलोनं ऐकलं, नवऱ्याला खाली नेलं आणि पाठुंगळी घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत आणलं. शेवटचा जिना ती रागानं चढली. नवरा तिच्या कानात "तू करू शकतेस, तू करू शकतेस" असं म्हणत होता आणि त्याला गप्प करायचा एकच उपाय होता, तो म्हणजे घर गाठणं.

जिन्यात हे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाहिलं. चष्म्याचं दुकान असल्यामुळे त्यांना नीट दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खालच्या पायरीवर वाट बघत उभे.

"वहिनी, तुमचा सराव चालू आहे म्हणे. वेगवेगळी वजनं हवी असतील ना? माझं घ्या."

हॅलोला पटलं. वेगवेगळी वजनं हवीच होती. तिनं काका घेतले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई घेतल्या, त्या पाठीवर बसून फोनवर पालकांशी बोलत होत्या. मग एक गृहस्थ आले, त्यांच्या हातात धान्याची पिशवी होती. पिशवी खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "ठेवली असती, पण मग ती वर कशी येणार?" एका काकूंनी पहिल्या मजल्यावर थांबायला लावलं, कारण त्यांना एका घरी वाटी परत करायची होती. वाटी देऊन झाली, मग पाठीवर बसल्या बसल्याच दोघींच्या गप्पा रंगल्या. हॅलो खाली उभी होती, म्हणजे काकूंच्या खाली.

थोड्या दिवसांनी लिफ्टच्या दारावर कमिटीची पाटी लागली: 'लिफ्ट दुरुस्तीचे काम तूर्त स्थगित. पर्यायी व्यवस्था उपलब्ध. संपर्क: चौथा मजला.'

हॅलोनं पाटी दोनदा वाचली. तिला आधी वाटलं, बरं झालं, काहीतरी व्यवस्था तरी केली. मग तिला कळलं की व्यवस्था ती आहे.

ती चेअरमनकडे गेली. चेअरमन शांत माणूस. एकदा बसला की बिल्डिंग पडली तरी उठणार नाही असा.

"पाटी काढा."

"बसा ना."

"मी लिफ्ट नाही."

"छे छे, लिफ्ट बंदच असते. तुम्ही चालू आहात." आणि मग आवाज खाली आणून, "एक सांगू का, रागावू नका. सकाळच्या पाळीत दुसऱ्या मजल्याला जरा झटका बसतो, अशी तक्रार आहे."

हॅलो रागावली. पण राग आला की ती माणूस उचलायची, ही आता सवय झाली होती. त्या संध्याकाळी तिनं खुद्द चेअरमनना उचललं आणि एका दमात वर नेऊन त्यांच्याच दारात आपटलं. ते म्हणाले, "बघा, आज झटका नाही बसला." नवरा म्हणाला, "याला म्हणतात सकारात्मक ऊर्जा." हॅलोला दोघांनाही खाली ढकलावंसं वाटलं. पण खाली जायला तर सगळे आपापल्या पायांनी जातच होते. तिची गरज फक्त वर यायला होती.

आणि इथेच घात झाला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ज्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते, तिथे जगात एकच दिशा असते: वर. वर जाणं म्हणजे कष्ट. खाली येणं म्हणजे काहीच नाही, ते आपलं होतं. परीक्षा खाली आणायची आहे हे हॅलोला पाठ होतं, पण इतकी माणसं इतके जिने वर नेल्यावर खाली आणणं म्हणजे काय, घसरगुंडी, असं तिला वाटायचं. नवऱ्यालाही वाटायचं. चष्म्याच्या काकांनी तर आधीच अभिनंदन केलं होतं.

पहिल्या चाचणीला मनोऱ्याखाली प्रशिक्षक उभा होता. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणत, कारण ती त्याच्या तोंडात कायम असायची आणि तो तिच्या कडेनं बोलायचा. हॅलोनं चौथ्या मजल्यावर जावईबापूंना नमस्कार केला, खांद्यावर घेतलं आणि पहिल्याच पायरीला तिला कळलं की आपली फसवणूक झाली आहे.

जिवंत माणूस पाठीवर बसला की धरून बसतो. गळ्याला मिठी मारतो, मांड्या आवळतो, वळणावर स्वतःच सरकून नीट होतो. शिकवणीवाल्या बाई फोनवर बोलतानासुद्धा एका हातानं गच्च धरायच्या. जावईबापूंनी काहीच धरलं नाही. ते नुसते होते. त्यांचा एक हात तिच्या तोंडावर आपटत होता, डोकं पाठीमागे लोंबत होतं आणि प्रत्येक पायरीला सगळं वजन पुढे येऊन तिच्या गुडघ्यात उतरत होतं. वर चढताना मांडी ढकलते. खाली उतरताना तिला रोखायचं असतं. हॅलोच्या मांड्यांना रोखणं कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा मुडपला. जावईबापू तिच्या आधी खाली पोचले. डोक्यावर.

शिट्टीनं वाकून बघितलं. "पेशंट आला," तो शिट्टीच्या कडेनं म्हणाला. "तू कधी येतेस?"

वर कंट्रोल रूमच्या खिडकीतून साहेब बघत होते. हॅलो खाली आली तेव्हा ते मायेनं म्हणाले, "जाऊ दे गं. आवाज तर आहे ना."

त्या दिवशी ती घरी आली ती थेट लिफ्टपाशी गेली आणि पाटी उपटून तिचे चार तुकडे केले. पायरीवर धान्याच्या पिशवीवाले गृहस्थ रांग लावून उभे होते. रांगेत ते एकटेच होते, पण उभे रांगेत होते.

"वहिनी, आज जरा जड आहे."

"आजपासून व्यवस्था फक्त खाली. वर नाही."

"खाली तर आम्ही चालतच जातो."

"मग चाला."

चेअरमननी माणुसकी, शेजारधर्म आणि बिल्डिंगची परंपरा या तीन मुद्द्यांवर बोलून पाहिलं. परंपरा सव्वा महिन्याची होती. शेवटी कमिटीनं मीटिंग घेतली आणि मीटिंगमध्ये असं ठरलं की पुन्हा एक मीटिंग घ्यावी.

घरी नवऱ्यानं ताजं वाक्य काढलं. "हरतो तोच, जो मनानं हरतो."

"मनानं मी केव्हाच खाली पोचले होते," हॅलो म्हणाली. "गुडघा दुसऱ्या मजल्यावर राहिला. आणि अजून एक वाक्य बोललास तर या टेबलावरची सगळी माणसं खिडकीतून जातील. हसत."

नवऱ्यानं कवळ्या जवळ ओढल्या.

खिडकीपाशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी हवेत बघितलं, पण हवेत या वेळी काही सापडलं नसावं, कारण त्यांनी मान वळवली आणि इतक्या काळात पहिल्यांदाच सुनेकडे बघून म्हणाल्या, "सगळी बिल्डिंग वर आणलीस. जिला खाली जायचंय ती चार महिने इथेच बसलीये. तिला कुणी विचारलं?"

जगात खाली न्यायला लागेल असं एकच माणूस तिच्या घरात, खिडकीपाशी, जावईबापूंच्याच वजनाचं बसलेलं होतं आणि ती चेअरमन उचलत फिरत होती.

"तुम्ही याल?"

"मला केस कापायचेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यावर उपकार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा छातीशी गादी धरून पुढे उलटा उतरू लागला, काही झालंच तर म्हणून. मागे हॅलो, खांद्यावर सासू. आणि सासूबाईंनी धरलं. असं धरलं की हॅलोचा श्वास बंद झाला.

"अंग सोडा. मला बेशुद्ध माणूस हवाय."

"मी शुद्धीत आहे. डावीकडे भिंत आहे. पाय बघून टाक."

"गळा सोडा."

"आयुष्यभर धरून राहिलं म्हणून हे घर उभं आहे."

"घर नाही पडत, मी पडतेय."

एक मजला उतरून परत आणावं लागलं. नवऱ्यानं भाषणवाल्याचा श्वासाचा व्यायाम सुचवला. सासूबाईंनी त्याला गादीसकट आत पाठवलं. तेव्हा हॅलोला आठवलं की सासूबाई रुसल्या की काय होतं. रुसल्या की त्या भांडत नाहीत, जेवण सोडत नाहीत, त्या अंग टाकतात. मागे एकदा भावाच्या घरच्या कार्यात मानापमान झाला तेव्हा त्यांना खुर्चीतून उठवायला तीन माणसं लागली होती.

म्हणजे बाईला शुद्धीत ठेवून बेशुद्ध करायचा उपाय होता. रोज सकाळी जिन्याच्या टोकाला भांडायचं.

हॅलोनं सुरुवात सोपी केली. "तुमच्या भावाला अहेर करायची अक्कल नाही." सासूबाई क्षणात पोत्यासारख्या झाल्या. हॅलो दीड मजला उतरली. पुढच्या दिवशी भावानं काही होईना, तो मुद्दा विटला होता, म्हणून हॅलोनं त्यांच्या बहिणीला घेतलं. मग त्यांच्या हातच्या आमटीला. रोज नवा विषय लागायचा आणि रोज जरा खोल जावं लागायचं, कारण वरवरच्या रागात माणूस पहिल्या वळणापर्यंतच ढिला राहतो. सासूबाईही काही कमी नव्हत्या. अंग टाकलेलं, पण तोंड चालू. सुनेचा स्वयंपाक, सुनेचं माहेर, सुनेनं पोराला कसं काडी केलं. दोघी भांडत उतरायच्या. दारं उघडून लोक बघायचे. काकूंनी तर वाटी परत करायची वेळ त्याप्रमाणे बदलून घेतली. तळमजल्यावर पोचलं की सासूबाई काठी टेकत केस कापायला, भाजीला, नुसतंच कोपऱ्यापर्यंत जायच्या. परत आल्या की दर पायरीला बसत, शिव्या घालत, स्वतःच्या पायांनी वर चढायच्या; गुडघे दगा द्यायचे ते उतरताना. सुनेनं वर न्यायची तयारी दाखवली की म्हणायच्या, "वर मी चढते. तुझी परीक्षा खाली आहे."

दुसऱ्या चाचणीच्या आधल्या आठवड्यात हॅलोला विषय सापडेना. सगळे नातेवाईक संपले होते. जिन्याच्या टोकाला उभी राहून ती म्हणाली, "आज तुम्ही काढा काहीतरी."

सासूबाई खांद्यावरून, उलट्या लोंबत, शांतपणे म्हणाल्या, "तू मला मॅडम म्हणालीस."

"कधी?"

"ते गेले त्या दिवशी. ते इथे पडले होते, स्वयंपाकघरात. मी फोन लावला. तू उचललास. मी नुसती रडत होते. तू म्हणालीस, मॅडम, घाबरू नका, पत्ता सांगा."

हॅलो पहिल्याच पायरीवर थांबली.

"मी सांगितला," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याच घराचा. तू विचारलंस, मॅडम, मजला कितवा. किती गोड आवाजात विचारलंस गं."

"मला आवाज ओळखू आला नाही."

"मला आला होता."

हॅलोला ते आठवत होतं. रोज आठवत होतं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चढली, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, खाली आणताना ते जिन्याच्या वळणावर अडकलं, आणि ती तिकडे खुर्चीत बसून पुढचा फोन घेत होती, कारण पुढचा फोन वाजत होता. तो पत्ता आपला आहे हे तिला पुढचा फोन ठेवल्यावर कळलं. गाडी निघाली आहे, असं तिनं सांगितलं होतं आणि गाडी खरंच निघाली होती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. त्या बरोबर असण्याचा तिला इतका राग होता की तो कुठे ठेवावा हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं, म्हणून ती माणसं उचलत होती.

खालच्या पायरीवर पाय टाकताना तिचा गुडघा मुडपायला लागला. पहिल्या चाचणीत मुडपला तोच गुडघा.

"ठेव मला खाली," सासूबाई म्हणाल्या. "पडशील."

"नाही ठेवणार."

"ठेव म्हणते ना."

"तुम्ही गप्प बसा. बेशुद्ध माणूस बोलत नाही."

सासूबाईंचं अंग पूर्ण सुटलं, रुसून नव्हे, नुसतंच, आणि त्या दिवशी त्या जितक्या जड होत्या तितकं जड काही हॅलोनं त्याआधी उचललं नव्हतं. ती एक एक पायरी उतरली. तिसरा, दुसरा, पहिला. कुठे टेकवलं नाही. खाली आल्यावर सासूबाईंनी पदर नीट केला, काठी घेतली आणि मागे न बघता म्हणाल्या, "मजला चौथा. आता लक्षात ठेव."

दुसऱ्या चाचणीला मनोऱ्याखाली निम्मं दल जमलं होतं. एक तर काम नव्हतं, दुसरं म्हणजे जावईबापू पुन्हा डोक्यावर येताना बघायला मजा आली असती. साहेब खिडकीत होतेच.

हॅलो चौथ्या मजल्यावर गेली. जावईबापू भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते. या वेळी तिनं नमस्कार केला नाही. खांद्यावर घेतलं. त्यांचा हात तोंडावर आपटला. डोकं लोंबलं. वजन पुढे आलं आणि तिनं ते रोखलं.

"बसलात आरामात?" ती त्यांना म्हणाली. "कुणीतरी येऊन उचलेल म्हणून? काय कमी केलं तुम्हाला? आवाज गोड, खुर्ची फिरती, सगळं नियमानं. आणि मजला विचारताय? स्वतःच्या घराचा मजला विचारताय?"

ती भांडत उतरत होती. खाली उभ्या असलेल्यांना शब्द कळत नव्हते, नुसता आवाज घुमत होता आणि त्यात गोड असं काही नव्हतं. खिडकीतले साहेब जरा मागे सरकले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा पुन्हा गेला. ती भिंतीला खांदा लावून थांबली, जावईबापूंना टेकवलं नाही, त्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि पुन्हा उतरायला लागली.

तळाशी पोचली तेव्हा तिच्या हातांची बोटं पुतळ्याच्या कापडात अडकून बसली होती. दोघंजण सोडवायला पुढे झाले.

"हात लावू नका. मी ठेवते."

तिनं वेळ घेतला. आधी गुडघा टेकला, मग त्यांची कंबर, मग पाठ, मग शेवटी डोकं, तळहातावर धरून, शिकवलंय तसं, लहान मूल निजवावं तसं. धक्का लागला नाही. ती उभी राहिली. श्वास घेतला. आणि मग तिनं जावईबापूंच्या बरगडीत एक सणसणीत लाथ घातली.

दलाच्या इतिहासात त्यांना चुकून 'ए' म्हणण्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं.

शिट्टीनं कागदावर बघितलं, मग पुतळ्याकडे, मग तिच्याकडे. "पेशंटला लाथ मारल्याचे पाच मार्क कापावे लागतील."

"कापा."

त्यानं कापले. बेरीज केली. पुन्हा केली. "कापूनसुद्धा पास होतेस."

"बरोबर ना? नक्की?"

"पाच मार्क वर आहेत."

"मग थांबा," हॅलो म्हणाली आणि तिनं दुसरी घातली.